किसनचं शून्य

किसन, तुझ्याच पडवीत बसून हे लिहितेय. खांबाला आवळून बांधलेली आपली यंत्राची पेटी चालू आहे. तिच्यातला निळा उजेड खाचरांवरून, ओढ्यावरून, पलीकडच्या टेकाडावरच्या देवळाच्या भिंतीला लावलेल्या आरशापर्यंत जातोय आणि निमूट परत येतोय. तुझा तेरावा काल झाला. पाहुणे पांगले, सतरंज्या गोळा झाल्या. तुझी बायको, आमच्या हिरावहिनी, आत भांडी लावताहेत, तुझे थोरले भाऊ आण्णा खाचरात उतरलेत, आणि तू पाय पसरून बसायचास त्या जागी मी बसलेय. तुझ्याशी भांडायला. दुसरं काय येतं मला?

पुण्यात आपल्या लोकांनी तुझ्यासाठी सभा ठेवली होती. तुझं शिक्षण, तुझं संशोधन, तुझा साधेपणा, सगळं बोलून झालं. साधेपणा म्हणे! तुझ्याइतका हट्टी साधा माणूस मी जन्मात पाहिला नाही. मला बोलायला उठवलं तेव्हा मी हात जोडले आणि खाली बसले. माझं बोलणं अर्धं राहिलंय ते तुझ्याशी. सभेला काय सांगू?

वाद तुला माहीत आहेच, पण हे वाचणाऱ्यांना सांगायला हवा. तुझ्या गावात तुझी भावकी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजते, राब भाजते, त्या धुराचा आकडा आपल्या अहवालात ठेवायचा की काढून टाकायचा? तू म्हणायचास काढ. मी म्हणायचे ठेव. अहवाल अजून माझ्याकडेच पडून आहे. तू हे असं मध्येच उठून गेलास, आणि ठरवायचं सगळं माझ्या गळ्यात आलं.

आपण नेमकं काय करत होतो, ते माझ्या सख्ख्या भावालाही इतकी वर्षं कळलं नव्हतं. परवा तुझ्याबद्दल बोलताना त्याने विचारलं, तेव्हा मी तुझ्याच पद्धतीने सांगितलं. गाड्यांतून, भट्ट्यांतून, चुलीतून एक वायू निघतो. डोळ्याला दिसत नाही, छातीला मात्र कळतो. या वायूला निळा रंग आवडतो. त्याच्यातून निळा उजेड सोडला की त्यातला ठरावीक भाग तो खातो. उजेड लांबवर पाठवायचा, आरशावरून परत आणायचा आणि किती खाल्ला गेला ते बघायचं. धूर आणि धुकं सगळेच रंग सारखे मंद करतात, वायू मात्र आपल्या आवडीचेच खातो, म्हणून दोघांचा हिशोब वेगळा लावता येतो. "पंगतीत कोण काय खातंय ते बघून पाहुणा ओळखायचा," असं तू म्हणायचास. भाऊ म्हणाला, एवढंच? मी म्हटलं, एवढंच, आणि एवढ्यात आमची अर्धी हयात गेली.

कॉलेजात तू पहिल्यांदा माझ्याशी बोललास ते एसटीत जागा धरण्यावरून. मी भोरची, वकिलाची मुलगी. तू पालीच्या पुढच्या गावचा, नसरापूर फाट्यावर गाडी बदलून येणारा. तुझी पिशवी मी सीटवरून उचलून खाली ठेवली होती. तू म्हणालास, "भोरच्या लोकांना वाटतं एसटी बी संस्थानाची." मी म्हटलं, "वेल्ह्याच्या लोकांना वाटतं पिशवीला पण तिकीट असतं." तुझं तोंड पडलं आणि मग तू इतका हसलास की कंडक्टर वळून बघायला लागला. भोर आणि वेल्हं हे आपलं भांडण त्या दिवसापासून जे चालू झालं ते चालूच राहिलं. माझ्या नवऱ्याने लग्नानंतर महिन्याभरातच सांगून टाकलं होतं, तुम्ही दोघं भांडत असलात की मी बाजारात जाऊन येतो.

मी पुण्यातली पगाराची नोकरी सोडली तेव्हा घरात कोणी जेवलं नव्हतं. तू भोरला एक माडी भाड्याने घेतलीस आणि मला बघायला बोलावलंस. खाली पिठाची गिरणी! गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं, आरसे थरथरायचे, उजेडाचा ठिपका भिंतीवर नाचायचा. आपलं विज्ञान गिरणीच्या सुट्टीला आणि वीज गेलेल्या वेळात चालायचं. वीज गेली की गिरणी बंद, मग आपण बॅटरीवर मोजणार. अख्ख्या भोरात वीज गेल्यावर खूश होणारे आपण दोघंच असू. आरशांवर पीठ बसायचं ते वेगळंच. मी चिडून म्हटलं होतं, "वायू मोजायचाय की बाजरी?" तू फुंकर मारत म्हणालास, "आज ज्वारी हाय. वास बघ की."

तुझं हे असं होतं. मी पेटणार आणि तू थांबणार. मी स्क्रू पिळायला गेले की तू माझ्या हातातून पाना काढून घ्यायचास. "थांब की गं. आरसा निवू दे. तू बी निव." एवढं बोलून तू चहा ठेवायला उठायचास. तेव्हा मला तुझा राग यायचा. आता लक्षात येतं की आपलं यंत्र ज्या ज्या दिवशी नीट चाललं, तो प्रत्येक दिवस चहानंतरचा होता. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू ते सगळ्या वेल्हे तालुक्यात सांगत फिरला असतास.

आता शून्याचं सांगते.

डबीतली हवा मोजायची असेल तर डबीत बाटलीतली शुद्ध हवा भरता येते आणि काट्याला सांगता येतं की हे बघ, हे शून्य. पण आपला उजेड जाणार दरीवरून. दरीत बाटलीतली हवा कशी भरणार? म्हणजे जिथली हवा सगळ्यात स्वच्छ, तिथे जाऊन यंत्राला शून्य दाखवायचं आणि मग ते पुण्यात आणायचं. मी भाटघरच्या धरणाकाठचं सुचवलं. माझ्या भोरच्या जवळ, पाण्यावरून सरळ नजर जाते. तू ऐकूनच घेईनास. "भाटघर? वरनं रस्ता, खालनं रस्ता. माझ्या दारात चल. आमच्या गावची हवा म्हंजे शून्यच. मोजायचं बी काम न्हाई."

आणि आपण आलो. वैशाखाचे दिवस होते. याच खांबाला पेटी बांधली. देवळाच्या भिंतीला आरसा लावायला पुजाऱ्याची परवानगी घेतली. त्याने एकच विचारलं, देवाच्या डोळ्यावर तर येणार नाही ना? हिरावहिनींनी नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं केलं होतं. संध्याकाळी वारा पडला, उजेड स्थिर झाला आणि तू हातावर हात मारलास. "हे घे शून्य." मी बटण दाबलं. यंत्राने ती हवा शून्य म्हणून मनात धरली.

पावसाळ्यात परत आलो तर यंत्र वजा दाखवायला लागलं. शून्याच्या खाली! हवेत वायू नसणं समजू शकतं, पण नसण्यापेक्षा कमी कसा असेल? तू आरसा पुसलास. दिवा बदललास. पेटीच्या नळीत कोळ्याने जाळं केलं होतं, ते काढलंस आणि कोळ्याला हातावर घेऊन कुंपणावर सोडलंस, वर म्हणालास, "भाडं न देता ऱ्हायला होता." वजा तसंच. मी म्हटलं शून्य चुकलंय. तू म्हणालास, यंत्र चुकेल, दिवा चुकेल, तू चुकशील, माझ्या गावचं शून्य चुकणार नाही. त्या पावसाळ्यात तू माझ्याशी आठवडाभर बोलला नाहीस. तुला आठवत नसेल, मला आठवतं. इतका शांत आठवडा मला पुन्हा मिळाला नाही, आणि मला तो जराही आवडला नव्हता.

पुढच्या वैशाखात पुन्हा याच पडवीत बसलो होतो. काटा हळूहळू वर आला आणि बरोबर शून्यावर टेकला. तू विजयाने माझ्याकडे बघितलंस. तेव्हाच तुझ्या सदऱ्याच्या बाहीवर माझं लक्ष गेलं. ती राखेने माखली होती. तू दुपारभर आण्णांबरोबर राब भाजत होतास. मी बाहीकडे बघतेय हे तुला दिसलं. तू बाहीकडे बघितलंस, मग समोर बघितलंस. खाचरा-खाचरातून धूर निघत होता. शेण, पालापाचोळा, तोडून वाळवलेल्या डहाळ्यांची कवळं, वरून माती, आणि सगळ्या गावाने आपापली तुकडी पेटवलेली, भाताची रोपं तिथेच टाकायची म्हणून. दरवर्षीसारखंच. आणि आपला उजेड त्याच्या बरोबर मधून चाललेला.

"आयला सुनंदा," तू म्हणालास, "आपण राबातच शून्य मांडलं की गं!"

बाहेरचा कोणी माणूस आपल्याबरोबर असता तर त्याने पहिल्या मिनिटाला विचारलं असतं, हा धूर कसला? आपल्याला दोघांनाही तो दिसला नाही. नाकाला आला होता, चांगला आठवतोय. पण तो वास म्हणजे आपल्याला वैशाख. शाळेला सुट्टी लागल्याचा वास. भोरलासुद्धा वाऱ्यावर येतो तो. त्याला धूर म्हणावं असं आपल्या मनातच आलं नाही. त्या दिवशी आपण इतके हसलो की हिरावहिनी बाहेर येऊन विचारायला लागल्या, काय झालं, कोण पडलं काय?

शून्य पुन्हा मांडलं ते श्रावणात. आठवडाभर पडून पडून पाऊस उघडला होता आणि हवा धुऊन निघाली होती. यंत्र सुधारलं. पुण्यातल्या चौकात, हमरस्त्यावर, महागड्या परदेशी यंत्राच्या शेजारी उभं राहून ते तोच आकडा सांगायला लागलं. लोकांनी आपली पाठ थोपटली. पण मला खरा आनंद त्या बाहीवरच्या राखेच्या दिवशीच झाला होता. तुलाही. बोललो मात्र नाही कधी.

आणि तिथूनच तुझं ते सुरू झालं. हसून झाल्यावर तू आण्णांना सांगून ठेवलंस की राब पेटवायच्या आधी हाक मारत जा, म्हणजे आमाला कळंल. तेव्हापासून आण्णा खाचरातून ओरडायचे, "किसन, पेटवू का?" तू इथून ओरडायचास, "पेटव!" आणि माझ्याकडे वळून म्हणायचास, "एवढं काढून टाक. हे घरचं हाय."

मी म्हणायचे, वायूला घरचा आणि बाहेरचा कळत नाही. तू म्हणायचास, वायूला कळत नाही, पण साहेबाला आकडा कळतो. उद्या कुणीतरी कागद घेऊन येईल आणि म्हणेल, डोंगरात धूर होतो, राब बंद. "तवा तू येणार हाईस का आण्णाला सांगायला?" मी म्हणायचे, मग काय खोटं दाखवू? तू म्हणायचास, खोटं नको गं, नको दाखवूस एवढंच. याच्यावर आपण जेवणं थंड केली. मला तुझी भीती कळत होती, किसन. पण यंत्र तयार करायला आपण जी वर्षं घातली ती त्याला अर्धं आंधळं ठेवायला नव्हे, असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं.

मग तुमच्या भावकीतले भिकूनाना गेले. गावची स्मशानभूमी ओढ्याच्या काठाला, आपल्या उजेडाच्या वाटेखालीच. आरसा लावताना तूच म्हणाला होतास, "स्मशानावरनं जातोय, भुतांचं बी मोजू." नाना गेले त्या दिवशी पडद्यावरची रेघ वर चढली. मी न विचारता तेवढे तास काढून टाकले. कुणाच्या मयताचा आकडा करू नये, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. तू बघत होतास. म्हणालास, "मयत काढतीस, मग राब का ठेवतीस? दोन्ही गावाचंच की."

मी विषय बदलला, तुझ्या चष्म्याच्या काचा कशा पुसलेल्या नसतात त्याच्यावर घसरले. तुला कळलं की मला उत्तर नाही, आणि तू ते लावून धरलं नाहीस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले.

शेवटचं भांडण फोनवर झालं. अहवाल पाठवायची वेळ आली होती. या वेळी तू जरा वेगळं बोललास. म्हणालास, "ठेवायचाच असंल तर एक कर. आपली दुसरी पेटी कापूरहोळला हमरस्त्यावर लाव. शनिवार-रविवारी पानशेतला नि गडाला गाड्यांची रांग लागते, तिथं बी लाव. राब वर्साचं चार दिस, रस्ता बारा म्हैने. दोन्ही एका पानावर मांड. मग कोण काय म्हणतंय ते बघू." मी घाईत होते, दारात टेम्पो उभा होता. मी म्हटलं, "बघू."

तुझ्याशी माझा शेवटचा शब्द हा, "बघू." भांडणाचा तरी असता तर बरं झालं असतं.

त्याच्या आधीच्या भेटीत तू आरसा पुसायला देवळाकडे गेलास आणि पायऱ्यांवर जरा जास्तच वेळ बसून राहिलास. मी इथून ओरडले, "दमलात काय किसनराव?" तू हात हलवलास, "नजारा बघतोय." नजारा तर तू जन्मल्यापासून बघत होतास. पण तू बघतोय म्हणालास आणि मी पण बघितलं. उन्हात सगळी दरी पिवळी पडली होती, मागे गडाची माची, खाली वाळलेली खाचरं. छान दिसत होतं. तेवढं तरी आपण एकाच वेळी बघितलं.

तू गेलास त्या सकाळी मला आण्णांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "सुनंदाताई, या तुमी." मी आले. सगळं झालं. त्या दिवसाचं मी जास्त लिहीत नाही, तुलाही ते आवडलं नसतं. मी बायकांच्यात उभी होते, आणि उन्हात त्या देवळाच्या भिंतीवर आरसा लुकलुकत होता. मला लख्ख आठवलं की पेटी चालू आहे. बंद करायला कोणाला सुचणार होतं? आणि तुला बघायला आलेल्या माणसांना ओलांडून, पडवीत चढून, बटण दाबायला मी कशी जाणार होते?

मग दहाव्यापर्यंत मी पडद्याकडे फिरकले नाही. दहाव्याला आले तेव्हा पेटीसमोर बसले. रेघ होती. रोजची सपाट रेघ, मग त्या दिवशी दुपारकडे ती उचलत गेली, चांगली उंच झाली, बराच वेळ वर राहिली आणि सावकाश खाली आली. राबाची रेघ अशी नसते. राब भसकन चढतो आणि पटकन उतरतो. ही सावकाश होती. तुझ्यासारखीच, थांब की गं म्हणणारी.

मी रडले नाही म्हटलं तर खोटं होईल. पदर तोंडात धरून रडले, आतल्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून.

आणि मग मला नियम आठवला. भिकूनानांचं काढलं होतं. तुझंही काढायचं. तेवढे तास निवडायचे, एक कळ दाबायची, रेघ सपाट. माझं बोट कळीवर होतं. मला जमेना. माझ्या हाताला ते जमेनाच, किसन. शोध लावणारे दोघं, त्यातल्या एकाने दुसऱ्याला पुसून टाकायचं आणि खाली लिहायचं की या दिवशी इथली हवा शून्य होती? शून्य कशी होती? तू होतास त्या हवेत.

हिरावहिनी चहा घेऊन कधी मागे येऊन उभ्या राहिल्या मला कळलं नाही. त्यांनी पडद्याकडे बघितलं. त्या इतकी वर्षं आपल्याला चहा देत आल्यात, रेघ वर गेली की काहीतरी झालंय हे त्यांना माहीत आहे.

"ही त्याच दिवशीची का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. "काढून टाकते, वहिनी. नानांचं पण काढलं होतं. नियम आहे आमचा."

त्यांनी कप खाली ठेवला, पदराने हात पुसले आणि पडद्यासमोर वाकून ती रेघ जिथे चढायला लागते तिथपासून उतरते तिथपर्यंत नीट बघितली.

"ऱ्हाऊ द्या ताई," त्या म्हणाल्या. "कुठंतरी ऱ्हाऊ द्या. घरातनं तर समदं उचललं लोकांनी. कपडं बी दिऊन टाकलं."

मग कप माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "च्या घ्या. गार हुतोय."

मी चहा घेतला. गार झालाच होता.

त्या दिवसापासून डोक्यात तेच फिरतंय. नानांचं मी मानापोटी काढलं. तू राब काढायला सांगत होतास ते मायेपोटी. दोघांचं मन चांगलं होतं, आणि दोघांनी मिळून काय करायचं ठरवलं होतं? या दरीत कोणी राहत नाही असं दाखवायचं. कोणी भात पेरत नाही, कोणाची चूल नाही, कोणी मरत नाही. नुसती स्वच्छ हवा. पुण्याहून येणाऱ्यांना हेच वाटत असतं आणि त्याच्यावर तूच चिडायचास. "आमी हितं राहतो की रं!" म्हणून गाडीवाल्यांवर ओरडायचास. मग कागदावर का राहायचं नाही?

म्हणून ठरवलं. तुला विचारून ठरवलं असतं तर दोन वैशाख गेले असते. मी नानांचे तास परत बसवलेत. मूळ नोंद मी पुसली नव्हती, नुसती अहवालातून वगळली होती, ते बरं झालं. राबही ठेवलाय. पण नुसता आकडा कुठेही जाणार नाही, शेजारी कारण जाईल. राब असेल तर राब, कशासाठी तेही. आणि अहवाल आत्ता जाणार नाही. दुसरी पेटी कापूरहोळला लागेल, मग पानशेतच्या रस्त्याला. दोन्ही एका पानावर, तू म्हणालास तसं. ज्यांना अहवालाची घाई आहे त्यांना मी सांगितलंय, थांबा की. आरसा निवू दे. समोरचा माणूस गोंधळला. त्याला काय माहीत.

म्हणजे वाद कोण जिंकलं? मी म्हणेन मी, कारण राब राहिला. तू म्हणशील तू, कारण पान तुझं. एवढं म्हणायला तरी समोर असायला हवा होतास. मला हरायची पण तयारी होती, तुझी शपथ.

तुझ्या त्या दिवसाच्या रेघेच्या शेजारी कारण लिहायचं होतं. मग तुझाच शब्द लिहिला. घरचं.

मघाशी हे सगळं लिहीत होते तेव्हा खाचरातून हाक आली. सुतकामुळे तुमचा राब यंदा मागे राहिला होता. बाकी गावाचा भाजून झालाय, आण्णांची तुकडी तेवढी कोरडी होऊन पडलेली. आज सकाळपासून ते एकटेच कवळं पसरत होते, माती टाकत होते. मी मान वर केली. ते हातात पेटती चूड घेऊन उभे होते आणि पडवीकडे बघत होते. तोंड उघडलं आणि सवयीने तेच नाव बाहेर आलं.

"किसन, पेटवू का?"

हाक मारून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ते तसेच उभे राहिले. आत हिरावहिनींच्या हातातल्या भांड्यांचा आवाज थांबला. मला वाटलं आता ती चूड तशीच आण्णांच्या हातात जळून जाईल.

मी उठून पडवीच्या कडेला गेले. तू जिथून ओरडायचास तिथे. माझा आवाज तुझ्यासारखा लांब जात नाही, म्हणून जोर लावून ओरडले.

"पेटवा आण्णा! चालू आहे!"